सन्मानाची भूक : अमेरिकेतील ‘ब्लॅक्सप्लॉयटेशन’ चित्रपटांची कहाणी

१३ एप्रिल १९६४ रोजी प्रमुख भूमिकेसाठी दिला जाणारा ऑस्कर पुरस्कार प्रथमच एका कृष्णवर्णीय नटाला मिळाला. नटाचे नाव सिडनी पॉइटिए आणि चित्रपट होता १९६३ सालचा ‘लिलीज ऑफ द फील्ड’. त्याची कथा आपल्या वाचकांना जवळची वाटेल. अ‍ॅरिझोनाच्या रखरखीत प्रदेशातून मोटारीने चाललेला होमर स्मिथ नावाचा एक बाप्टिस्ट कारागीर काही गरीब जर्मनभाषक धर्मभगिनींच्या वस्तीवर पाण्यासाठी थांबतो. त्यांची मदर हा देवानेच धाडलेला माणूस आहे असे ठरवून टाकते आणि त्याच्याकडून चॅपेल बांधून घेते. त्याला मजुरी मिळत नाही. तो कुरकुरतो, रागावतो, निघून जातो, परत येतो आणि अखेर चॅपेल पुरे करून एका रात्री कोणाचाही निरोप न घेता गाडी चालू करतो.

यानंतर सात वर्षांनी, १९७१ साली, डेट्रॉइट आणि अटलांटा या दोन शहरांत एकेका चित्रपटगृहात दुसराच एक कृष्णवर्णीय नायक अवतरला. हा वेश्यागृहात वाढलेला, जवळजवळ मुका वाटावा इतका अबोल. एका तरुणाला पोलीस निर्दयपणे मारीत आहेत हे पाहून तो पोलिसांवरच तुटून पडतो आणि पळत सुटतो. चित्रपट संपतो तेव्हा तो जिवंतपणी मेक्सिकोची सीमा ओलांडून गेलेला असतो. तो कोणासाठी काही बांधत नाही, कोणाची क्षमाही मागत नाही. हा चित्रपट पाहण्यासाठी कृष्णवर्णीय प्रेक्षकांच्या रांगा लागल्या.

चॅपेल बांधणाऱ्या सोशीक होमरकडून या पळून जाणाऱ्या बंडखोराकडे एका समाजाचे मन इतक्या थोड्या वर्षांत कसे वळले? पुढे ‘ब्लॅक्सप्लॉयटेशन’ या जोडनावाने ओळखल्या गेलेल्या चित्रपटांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘ब्लॅक’ म्हणजे काळा आणि ‘एक्स्प्लॉयटेशन’ म्हणजे शोषण, या दोन शब्दांतून ते नाव घडले. हा इतिहास परदेशातला असला तरी अपमान सोसलेल्या कोणत्याही समाजाला तो विचार करावयास लावील, अशी आमची धारणा आहे.

पडद्यावर हरवलेला माणूस

अमेरिकन चित्रपटकलेचा पाया घालणाऱ्या कृतींत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या १९१५ सालच्या चित्रपटाचे नाव घेतले जाते. तंत्राच्या दृष्टीने तो थोर खरा; परंतु त्यात मुक्त झालेले कृष्णवर्णीय गुलाम हे पशुवत दाखवले होते आणि त्यांच्यातील प्रमुख पात्रे तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी वठवली होती. कू क्लक्स क्लॅन या दहशतवादी संघटनेचा त्यात गौरव होता. त्याच वर्षी ती मृतवत संघटना पुन्हा उभी राहिली. चित्रपट ही केवळ करमणूक आहे असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

या बदनामीला कृष्णवर्णीयांनी आपल्या परीने उत्तर दिले. ऑस्कर मिशो या शेतकरी-लेखकाने स्वतःची पुस्तके दारोदार विकून आणि शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवून १९१९ साली आपला पहिला चित्रपट काढला. पुढील तीन दशकांत त्याने सुमारे चाळीस चित्रपट केले. त्याचा १९२० सालचा ‘विदिन अवर गेट्स’ अनेक दशके नाहीसा झाला होता. त्याची एकमेव प्रत पुढे स्पेनमध्ये सापडली.

हॉलिवूडच्या मुख्य प्रवाहात मात्र कृष्णवर्णीय माणसाला मोलकरीण, हमाल किंवा विदूषक एवढ्याच भूमिका राहिल्या. ‘गॉन विथ द विंड’मधील दाईच्या भूमिकेसाठी हॅटी मॅक्डॅनियल हिला १९४० साली साहाय्यक अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला, तेव्हा समारंभात तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवण्यात आले होते. अटलांटा येथील पहिल्या खेळाला तर जॉर्जिया राज्याच्या वर्णभेदामुळे ती जाऊच शकली नव्हती.

येथे आम्हांला आपल्या घरातीलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९३० साली हॉलिवूडने जी नीतिसंहिता स्वीकारली, तिचा मसुदा येशूसंघीय धर्मगुरू फादर डॅनियल लॉर्ड आणि कॅथलिक प्रकाशक मार्टिन क्विग्ली यांनी तयार केला होता. अश्लीलतेला आणि गुन्हेगारीच्या उदात्तीकरणाला आवर घालणे हा तिचा हेतू. परंतु गोऱ्या व काळ्या व्यक्तींमधील प्रेमसंबंध दाखवण्यास मनाई करणारे एक कलमही त्या संहितेत होते. चित्रपट-व्यवसायाच्या १९२७ सालच्या यादीतून ते आले आणि १९५६ पर्यंत टिकले. नीतीच्या यादीत पूर्वग्रह जाऊन बसला की तो नीतीसारखाच दिसू लागतो, हे आम्हां धर्मसेवकांनी विसरू नये.

शहरे बदलली, प्रेक्षक बदलले

१९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, १९६५ साली मतदानाच्या हक्काचा. कायद्याच्या पुस्तकात समता आली. परंतु त्याच १९६५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स विभागात दंगलीचा आगडोंब उसळला. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस येथे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि अनेक शहरे पेटली. अहिंसेवर श्रद्धा ठेवून मोर्चात चाललेल्या तरुणांपैकी कित्येकांना वाटू लागले, की आपल्या सोशिकपणाचे फळ हेच काय? पॉइटिए यांचे सालस, सुशिक्षित, गोऱ्यांना आपलेसे वाटणारे नायक या तरुणांना परके वाटू लागले. हा राग पॉइटिए यांच्यावर अन्याय करणारा होता. पण तो खरा होता.

दुसरीकडे गोरी कुटुंबे शहरे सोडून उपनगरांत राहावयास गेली होती. शहरांच्या मध्यभागी असलेली मोठमोठी जुनी चित्रपटगृहे ओस पडली आणि त्यांच्या आसपास उरला तो प्रामुख्याने कृष्णवर्णीय प्रेक्षक. त्याच सुमारास खर्चिक चित्रपट आपटल्यामुळे हॉलिवूडच्या कंपन्या आर्थिक संकटात सापडल्या होत्या. १९६८ च्या नोव्हेंबरात जुनी नीतिसंहिता जाऊन वयोगटांनुसार वर्गीकरणाची पद्धत आली आणि पडद्यावर काय चालेल याची मर्यादा सैल झाली. रागावलेला प्रेक्षक, रिकाम्या खुर्च्या, कर्जात बुडालेल्या कंपन्या आणि सैल झालेले नियम या चारही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या. १९७० साली ओसी डेव्हिस यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘कॉटन कम्स टू हार्लेम’ या विनोदी पोलीसकथेला मोठे यश मिळाले, तेव्हा या प्रेक्षकाच्या खिशात पैसे आहेत हे व्यापाऱ्यांना कळून चुकले.

१९७१ : दोन चित्रपट, दोन वाटा

आरंभी सांगितलेला पळणारा नायक हा मेल्विन व्हॅन पीबल्स यांच्या ‘स्वीट स्वीटबॅक्स बॅडॅस साँग’ या चित्रपटातील. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि प्रमुख भूमिका हे सारे त्यांनी स्वतःच केले. कोणत्याही मोठ्या कंपनीचा पैसा घेतला नाही. अडचणीच्या वेळी बिल कॉस्बी यांनी ५०,००० डॉलर्स उसने दिले. चित्रीकरण १९ दिवसांत उरकले. जाहिरातीला पैसे नव्हते म्हणून गाण्यांची ध्वनिमुद्रिका आधी बाजारात आणून तिच्याकडूनच जाहिरातीचे काम करून घेतले. चित्रपटाला केवळ प्रौढांसाठीचे ‘एक्स’ प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा हा गोऱ्या पंचांचा निवाडा आहे, अशी उलट जाहिरात त्यांनी केली. चित्रपटाने खर्चाच्या कितीतरी पट उत्पन्न मिळवले.

ब्लॅक पँथर पक्षाचे नेते ह्यूई न्यूटन यांनी पक्षाच्या वृत्तपत्रात त्याची दीर्घ प्रशंसा केली आणि पक्षाच्या सभासदांनी तो पाहावाच असा आग्रह धरला. त्यांच्या मते हा एका माणसाचा नव्हे, तर साऱ्या समाजाच्या जागृतीचा चित्रपट होता. उलट ‘एबनी’ मासिकात इतिहासकार लेरोन बेनेट यांनी त्याचा कठोर समाचार घेतला. दारिद्र्याला रम्य रूप देणे म्हणजे क्रांती नव्हे आणि कामुक पराक्रमाने आजवर कोणताही समाज मुक्त झालेला नाही, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. आमचा कौल बेनेट यांच्या बाजूने आहे. त्या चित्रपटातील अशोभनीय दृश्ये, आणि विशेषतः त्यांत एका अल्पवयीन मुलाचा केलेला वापर, यांचे समर्थन कोणत्याही कलेच्या वा क्रांतीच्या नावाखाली होऊ शकत नाही. तथापि एक गोष्ट नाकारता येत नाही. हा चित्रपट कृष्णवर्णीयाने स्वतःच्या हिमतीवर काढला, त्यावर स्वतःची मालकी ठेवली, आणि त्याचा नायक अखेरीस मारला गेला नाही. त्या प्रेक्षकाला ही शेवटची गोष्ट नवलाची वाटली, यातच त्याच्या आधीच्या साठ वर्षांचा इतिहास सामावलेला आहे.

त्याच वर्षी एम.जी.एम. कंपनीचा ‘शाफ्ट’ झळकला. त्याचे दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स हे ‘लाइफ’ मासिकाचे नामवंत छायाचित्रकार. १९६९ साली ‘द लर्निंग ट्री’ काढून हॉलिवूडच्या मोठ्या कंपनीसाठी चित्रपट दिग्दर्शित करणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले होते. रिचर्ड राउंडट्री यांनी रंगवलेला खासगी गुप्तहेर जॉन शाफ्ट हा ऐटबाज, चतुर आणि कोणापुढेही मान न झुकवणारा होता. चामड्याचा लांब कोट घालून तो न्यूयॉर्कच्या रस्त्यातून चालतो ते पहिलेच दृश्य प्रेक्षकांच्या मनात ठसले. शीर्षकगीतासाठी आयझॅक हेज यांना १९७२ साली ऑस्कर मिळाला; त्या विभागातील ते पहिले कृष्णवर्णीय विजेते.

दोन चित्रपटांनी दोन वाटा दाखवल्या. एक वाट स्वतःच्या मालकीची आणि धोक्याची. दुसरी मोठ्या कंपनीच्या आश्रयाची. हॉलिवूडने हिशेब मांडला आणि दोन्हींतून सर्वांत स्वस्त ते उचलले : कमी खर्च, मारामारी, मादक दृश्ये, ठेकेदार संगीत आणि काळा नायक.

गळ्यातला क्रूस

१९७२ सालचा ‘सुपर फ्लाय’ हा या लाटेतील सर्वांत गाजलेला आणि सर्वांत अस्वस्थ करणारा चित्रपट. गॉर्डन पार्क्स यांच्याच मुलाने, गॉर्डन पार्क्स धाकटे यांनी, तो दिग्दर्शित केला. नायक आहे कोकेनचा व्यापारी. एक शेवटचा मोठा सौदा करून या धंद्यातून बाहेर पडावे अशी त्याची इच्छा आहे. त्याचे नाव ‘प्रीस्ट’, म्हणजे धर्मगुरू. त्याच्या गळ्यात क्रूस आहे, आणि त्या क्रूसाचा उपयोग तो कोकेन ओढण्याचा चमचा म्हणून करतो.

धर्मगुरू या नात्याने हे लिहिताना आम्हांला वेदना होतात. परंतु ज्या वस्त्यांत मादक द्रव्यांनी घरोघरी बळी घेतले, तेथील माता-पित्यांना झालेली वेदना याहून कितीतरी मोठी होती. पडद्यावरचा ‘प्रीस्ट’ उंची कपडे घालून, भव्य मोटारीतून फिरत होता. त्याच्यासारखे केस आणि त्याच्यासारखे कोट यांची तरुणांत लाट आली. ज्या मुलाला नोकरीच्या दारात उभे केले जात नाही, त्याला ही मोटार किती जवळची वाटली असेल!

याच चित्रपटात एक विलक्षण विरोधही दडलेला आहे. त्याचे संगीतकार कर्टिस मेफील्ड हे शिकागोच्या गरीब वस्तीत, आजीच्या चर्चमधील भक्तिगीतांच्या वातावरणात वाढलेले. चित्रीकरण पाहिल्यावर त्यांना तो कोकेनची जाहिरातच वाटला. म्हणून त्यांनी गीतांतून व्यसनाचे आणि त्यात फुकट गेलेल्या जिवांचे दुःख मांडले. डोळे एक पाहतात आणि कान दुसरेच ऐकतात, अशी त्या चित्रपटाची स्थिती झाली. त्या गीतांची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत विक्रीच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचली. अनेकांच्या मते चित्रपटापेक्षा तीच दीर्घायुषी ठरली.

घरातूनच उठलेला आवाज

या चित्रपटांना सर्वांत प्रखर विरोध झाला तो कृष्णवर्णीय समाजातूनच. नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या जुन्या संघटनेच्या हॉलिवूड शाखेचे प्रमुख ज्युनिअस ग्रिफिन यांनी १९७२ साली ‘ब्लॅक्सप्लॉयटेशन’ हा शब्द रूढ केला. डॉ. किंग यांनी स्थापन केलेली संघटना आणि ‘कोअर’ ही संघटना यांच्यासह या चित्रपटांविरुद्ध एक आघाडी उभी राहिली. आपल्या मुलांना दलाल, गुंड आणि मादक द्रव्यांचे व्यापारी हेच आदर्श म्हणून दाखवले जात आहेत, आणि त्यावर होणारा नफा मात्र वस्तीबाहेर जात आहे, असे त्यांचे गाऱ्हाणे होते.

कलावंतांची बाजूही ऐकली पाहिजे. फ्रेड विल्यमसन यांच्यासारखे नट विचारीत, की आम्हांला काम मिळाले, मोबदला मिळाला, प्रेक्षकांना आनंद मिळाला, मग शोषण झाले ते कोणाचे? पूर्वी एकाही छायालेखकाला वा तंत्रज्ञाला ज्या दारातून आत घेतले जात नव्हते, ते दार या चित्रपटांनी किलकिले केले, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पॅम ग्रिअर हिने १९७३ च्या ‘कॉफी’त आणि १९७४ च्या ‘फॉक्सी ब्राऊन’मध्ये साकारलेली स्त्री दाई नव्हती, मोलकरीण नव्हती. ‘कॉफी’तील नर्स हेरॉइनने उद्ध्वस्त झालेल्या धाकट्या बहिणीसाठी गुन्हेगारांशी लढते. परंतु त्याच नायिकेला कॅमेरा ज्या लोभी नजरेने न्याहाळतो, ती नजर तिच्या सन्मानाची नाही.

पैशाकडे पाहिले की गाऱ्हाण्याचा अर्थ उलगडतो. ग्रिअर हिचे हे दोन्ही चित्रपट गोऱ्यांच्या मालकीच्या अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीचे, दिग्दर्शक जॅक हिल हेही गोरे. विल्यमसन यांचा १९७३ सालचा ‘ब्लॅक सीझर’ याच कंपनीचा, आणि त्याचे लेखक-दिग्दर्शक लॅरी कोहेन गोरे. याउलट सॅम ग्रीनली यांच्या कादंबरीवरून आयव्हन डिक्सन यांनी १९७३ साली काढलेला ‘द स्पूक हू सॅट बाय द डोअर’ पाहा. गुप्तचर खात्यातून बाहेर पडलेला एक कृष्णवर्णीय अधिकारी शिकागोच्या तरुणांना उठावासाठी संघटित करतो, असे त्याचे कथानक. सशस्त्र उठावाचा मार्ग आम्हांला मान्य नाही. पण तो चित्रपट प्रश्न विचारणारा होता, आणि तो चित्रपटगृहांतून फार लवकर नाहीसा झाला. खून, मादक द्रव्ये आणि वासना यांना बाजारात जागा होती. राजकीय विचाराला नव्हती.

लाट ओसरली

ही लाट जेमतेम पाच-सहा वर्षे टिकली. एकाच साच्यातील कथांना प्रेक्षक कंटाळला. शिवाय १९७२ चा ‘द गॉडफादर’ आणि १९७३ अखेरीचा, दोन धर्मगुरूंची कथा सांगणारा ‘द एक्झॉर्सिस्ट’ हे चित्रपट कृष्णवर्णीय प्रेक्षकही मोठ्या संख्येने पाहतात असे कंपन्यांच्या ध्यानात आले. मग त्यांच्यासाठी वेगळा खर्च कशाला करावयाचा? सत्तरीचे दशक संपण्यापूर्वीच हे चित्रपट थांबले आणि त्यांतील बहुतेक कलावंतांचे काम आटले. कंपन्या सावरल्या होत्या. दार पुन्हा लोटून घेतले गेले.

याच काळात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात काही कृष्णवर्णीय विद्यार्थी वेगळ्याच प्रकारचे चित्रपट घडवीत होते. त्यांपैकी चार्ल्स बर्नेट यांनी शनिवार-रविवारी, अगदी तुटपुंज्या पैशांत, वॉट्स वस्तीतील एका कत्तलखान्याच्या कामगारावर ‘किलर ऑफ शीप’ हा चित्रपट केला. त्यात पिस्तूल नाही, भव्य मोटार नाही. थकलेला बाप आहे, समजूतदार पत्नी आहे, धुळीत खेळणारी मुले आहेत. तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुरा झाला. परंतु त्यातील गाण्यांचे हक्क विकत घेण्यास पैसे नसल्यामुळे चित्रपटगृहांत रीतसर प्रदर्शित व्हायला २००७ साल उजाडले. कोकेनच्या व्यापाऱ्याला पडदा लगेच मिळाला, कामगाराला तीस वर्षे थांबावे लागले.

मागे काय उरले

प्रभावाच्या दृष्टीने मात्र ही लाट कधी संपलीच नाही. १९७३ सालचा जेम्स बाँडचा ‘लिव्ह अँड लेट डाय’ तिच्याच छायेत घडला. हेज आणि मेफील्ड यांच्या संगीताचे तुकडे पुढे रॅप संगीतात पुन्हा पुन्हा गुंफले गेले. आज आपल्या घरांतील तरुण जे ठेके ऐकतात त्यांतील कित्येकांचे मूळ तेथे आहे. १९८८ साली कीनन आयव्हरी वेअन्स यांनी या चित्रपटांचे विडंबन केले. १९९७ साली क्वेंटिन टॅरंटिनो यांनी पॅम ग्रिअरलाच घेऊन ‘जॅकी ब्राऊन’ काढला. स्पाइक ली, जॉन सिंगलटन अशा दिग्दर्शकांची नवी पिढी व्हॅन पीबल्स यांनी दाखवलेल्या हिमतीतून घडली. २०१८ सालच्या ‘ब्लॅक पँथर’ या चित्रपटाने जगभर १३० कोटी डॉलर्सहून अधिक उत्पन्न मिळवले आणि त्याचे दिग्दर्शक रायन कूग्लर हे कृष्णवर्णीय होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहात ‘शाफ्ट’ २००० साली, ‘स्वीटबॅक’ २०२० साली आणि ‘सुपर फ्लाय’ २०२२ साली समाविष्ट झाला. ज्यांना एकेकाळी बाजारू म्हटले गेले ते राष्ट्राचा ठेवा ठरले.

‘स्वीटबॅक’ची पाठराखण करणाऱ्या त्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव त्याच काळात आपल्याही दारी आले होते. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुण लेखकांनी ‘दलित पँथर’ उभी केली, ती त्याच नावावरून. अपमान सोसणाऱ्यांना दूरच्या अपमानितांची भाषा किती लवकर कळते, याचे हे उदाहरण आहे. आपल्याकडे त्या रागाला कवितेचे आणि आत्मकथनाचे रूप मिळाले, आणि लेखणी बहुतांशी लिहिणाऱ्यांच्याच हाती राहिली. अमेरिकेतील चित्रपटांना ते भाग्य क्वचितच लाभले.

या इतिहासाचा निष्कर्ष आम्हांला असा दिसतो. त्या प्रेक्षकांची भूक खरी होती. आपल्यासारखा चेहरा असलेला माणूस ताठ मानेने चालताना पाहावा ही इच्छा पाप नाही. देवाने आपल्या प्रतिरूपात घडवलेल्या माणसाची ती न्याय्य मागणी आहे. परंतु ताट वाढणारा परका होता. त्याने भुकेचा भाव ओळखला आणि स्वस्त ते वाढले. म्हणून जे केवळ चित्रपटांना शिव्या देऊन थांबतात, त्यांना ती भूक दिसत नाही. आणि जे केवळ टाळ्या वाजवतात, त्यांना ताटात काय आहे ते दिसत नाही.

कुटुंबात मुलांबरोबर चित्रपट पाहताना पालकांनी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी, असे आम्ही सुचवू. ही कथा कोण सांगत आहे? तिचा पैसा कोणाच्या घरी जातो? आणि नायक निघून गेल्यावर वस्तीत काय उरते? होमर स्मिथ गेला तेव्हा वाळवंटात एक चॅपेल उभे होते. पण त्याच्या श्रमाचा मोबदला कोणी दिला नव्हता, हेही आपण ध्यानात ठेवू या. ‘प्रीस्ट’ मोटारीत बसून गेला तेव्हा त्याने विकलेले विष त्या वस्तीतच मागे राहिले. या दोघांच्या पलीकडचा नायक, जो अन्याय निमूटपणे सोसत नाही आणि आपल्या बांधवांचा जीवही विकत नाही, त्याची वाट त्या समाजातील प्रामाणिक कलावंतांनी शोधली आणि आजही शोधीत आहेत. आपल्या मुलांना तो नायक ओळखता यावा, एवढी दृष्टी घरातूनच त्यांना मिळावयास हवी.